पेट्यांचा हंगाम

परवा गव्हाणीत मोळी पडली आणि आमची कॉलनी पुन्हा घुमायला लागली. साखर कारखान्याच्या सावलीत जे कधी राहिले नाहीत त्यांना हे सांगून पटत नाही. उसाची पहिली मोळी हळदकुंकू लावून गव्हाणीच्या, म्हणजे ऊस गाळपाला नेणाऱ्या, पट्ट्यावर टाकतात, नारळ फुटतो, चाकं फिरायला लागतात, आणि त्यानंतर पार होळीपर्यंत अंकुशनगरात शांतता म्हणून नसते. एक संथ घुमारा असतो. तो भिंतीत असतो, भांड्यांच्या मांडणीत असतो, उशीला कान लावला तर उशीतही असतो. नवा पाहुणा विचारतो, "हा आवाज कसला?" आणि आम्ही एकमेकांकडे बघत त्यालाच विचारतो, "कुठला आवाज?"

मागोमाग वास येतो. रस उकळल्याचा गोड वास, मळीचा उग्र वास, आणि पहाटेच्या धुक्यात या दोघांचं मिळून जे काही होतं ते. चिमणीतून काळी हलकी राख उडते आणि कॉलनीभर एवढ्या दोऱ्या असताना नेमकी माझ्याच पांढऱ्या कपड्यांवर येऊन बसते. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या डुलत जातात, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं लावलेलं असतं. माझे यजमान कारखान्याच्या लॅबमध्ये आहेत. हंगामभर त्यांच्या शर्टाला रसाचा वास येतो आणि तो कितीही धुतलं तरी जात नाही, म्हणून मी दरवर्षी कुरकुर करते. वैशाखात तो वास गेला की मात्र मला तो शर्ट परका वाटायला लागतो.

हा सगळा सरंजाम दरवर्षीचाच. पण गेल्या काही वर्षांपासून मोळी पडली की मला त्या घुमाऱ्याच्या खालून आणखी काहीतरी ऐकू येतं. बारा पेट्या. सगळ्यांचे भाते हलताहेत आणि अजून कोणी पट्टीला बोट लावलेलं नाही. मग मी हातातलं लाटणं खाली ठेवते आणि तो एक हंगाम आठवत उभी राहते. तव्यावरची पोळी करपते. यजमान वास घेऊन म्हणतात, "झालं. पेट्या आल्या वाटतं."

मी मूळची परतूरची. मोंढ्याच्या, म्हणजे घाऊक बाजाराच्या, मागच्या गल्लीत आमचं घर, आणि कापसाच्या दिवसांत गल्लीतून चालताना केसांत कापूस अडकायचा. तिथेच एक गुरुजी मला पेटी शिकवायला यायचे. फार बोलायचे नाहीत, पण एक गोष्ट दर खेपेला सांगायचे. "पोरी, बोटाकडं बघू नको. गाणाराच्या तोंडाकडं बघ. त्याचे ओठ हलले की तू हल." मी इतक्या इमानाने ते ऐकलं की पुढे माझ्या बोटांना दुसरं काही येईनासंच झालं. कोणाचंही तोंड उघडायच्या बेतात असलं की माझं बोट आपोआप पट्टीवर जातं. लग्नानंतर एकदा यजमानांनी जांभई दिली तर मी सूर धरला होता. ते अजून चारचौघांत सांगतात.

कॉलनीत आले आणि मी सगळ्यांची पेटीवाली ताई झाले. भजनी मंडळ, हळदीकुंकवाची गाणी, शाळेचं स्वागतगीत, साहेबांच्या निरोप समारंभातल्या जुन्या चाली, बाहेरून येणारे बुवा, सगळ्यांमागे मी. कोणाचा आवाज वर फाटला की मी खालून सावरून घ्यायचं. कोणी कडवं विसरलं की मी तीच ओळ पुन्हा फिरवून त्याला आठवायला सवड द्यायची. आणि टाळ्या वाजल्या की त्या बरोबर माझ्या डोक्यावरून जाऊन गाणाऱ्याच्या पायाशी पडायच्या. हार एकच आणायचे. मला राग यायचा. साथ करण्यातही एक सुख असतं, नाही असं नाही, दुसऱ्याच्या श्वासाबरोबर चालण्याचं सुख. पण वर्षानुवर्षं तेवढंच करायचं आणि वर हसतमुख राहायचं म्हणजे जरा अतीच झालं. एकदा तरी या वाद्याचं स्वतःचं काहीतरी लोकांनी बसून ऐकावं, असं मला फार वाटायचं. कोणाला सांगितलं नाही एवढंच.

अशात तेजल भेटली, तीही साडीच्या दुकानात. जुन्या जालन्यात कापडाच्या बाजारात तिच्या वडिलांची गादी आहे. पिढ्यांमागे राजस्थानातून आलेलं घर. शेठजी घरात मारवाडी बोलतात, गिऱ्हाईकाशी मराठी, आणि मुलीवर चिडले की हिंदी. मी गादीवर बसून साड्यांचा पोत बघत होते आणि माझी बोटं म्हणे गादीवर चालत होती. गल्ल्यामागून ती पोरगी उठून माझ्यासमोर येऊन बसली. "ताई, तुम्ही पेटी वाजवता ना? बारा जणं जमवून द्याल का मला? नुसते पेटीवाले. गाणारं कोणी नको."

माझ्या मांडीवरची साडी घसरली. शेठजी कपाळाला हात लावून म्हणाले, "बाईसाहेब, पोरगी एवढा खर्चा करून परदेसात गेल्ती. तिथून काय आणलं तर पेटी! ती तर इथं मंदिरात पण होती."

तेजल दोन वर्षं बाहेर राहून संगीतरचना शिकून आली होती. तिकडे आजही नवं शास्त्रीय संगीत लिहितात, अगदी आत्ताचं, आपल्या काळातलं, आणि त्यातला एक लाडका प्रकार म्हणजे एकाच जातीच्या वाद्यांचा मेळ. आठ चेलो, म्हणजे व्हायोलिनची थोरली भावंडं, दुसरं काही नाही. डझनभर बासऱ्या, बाकी कोणी नाही. तिने मला मोबाइलवर ऐकवलं. आधी मला वाटलं, एकाच माणसाचे आठ आवाज ऐकतेय. मग हळूहळू ते वेगळे व्हायला लागले, एक थोडा रुसलेला, एक घाईचा, एक सगळ्यांना धरून ठेवणारा. आठ बहिणी एका ओसरीवर बसून बोलाव्यात तसं काहीतरी. तिने पेट्यांसाठी तशीच रचना लिहिली होती आणि ती अजून एकदाही पुरती वाजली नव्हती. पुण्यात करून बघितलं तर जमलेले सगळे उस्ताद, प्रत्येकाला पुढे पळायचं होतं. "मंग मला वाटलं," ती म्हणाली, "आपल्याकडंच जावं. मराठवाड्यात पेटी न्हाई असं गाव दाखवा मला." मी साडी न घेताच उठले. त्या साडीचा रंगही आता आठवत नाही.

मार्गशीर्षात जमवाजमव झाली. कारखान्याला ऊस घालणाऱ्या गावांमधून भजनी मंडळाचे पेटीवाले शोधले. मोटारसायकलवर पुढे पेटी ठेवून, गोधडीत बांधून, एक तर उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत बसून आले. शाळेच्या सभागृहात दुपारी तालीम असायची. पेट्या तरी किती तऱ्हेच्या! एकीच्या भात्याला चिकटपट्टी, एकीची एक पट्टी दाबली की वर यायचं नावच नाही, एक बडोद्याहून कोणाच्या आजोबांनी आणलेली, गंधफूल वाहून पिवळी पडलेली. सगळ्यांत वडीलधारे किसनआबा, अंबडजवळच्या एका खेड्यातले ऊसवाले शेतकरी. कानात भिकबाळी, पांढरं धोतर, आणि भजनात त्यांच्यासारखी साथ पंचक्रोशीत नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी तेजलला विचारलं, "सगळं ठीकय, माय. पन गाणारं कवा येनार?"

"कोणीच न्हाई येणार, आबा."

"मंग वाजवायचं कामून?"

तिने सगळ्यांना एकच सूर दाबायला सांगितला. आम्ही दाबला आणि सभागृह थरथरलं. बारा पेट्या बारा ठिकाणी जुळवलेल्या, कोणाचा सूर केसभर चढा तर कोणाचा केसभर उतरलेला. त्या सगळ्यांच्या घासण्यातून एक लाट उठली, ती भिंतीपर्यंत जायची, परत यायची, पोटात शिरायची. आबांनी भाता सोडून कानावर हात ठेवले. "बाई, लई बेसूर झालं की हो!" तेजल डोळे मिटून उभी होती. "राहू द्या आबा," ती म्हणाली, "बिलकुल असंच राहू द्या." मी त्या दिवशी घरी गेले तरी ती लाट अंगात होती. गव्हाणीचा घुमारा त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आला, इतकी वर्षं त्यात राहून.

पण रचना काही पुढे जाईना. म्हणजे सुरू छान व्हायची. तेजल हाताने लय द्यायची, आम्ही निघायचो, आणि दुसऱ्या फेरीला लय जड व्हायची, तिसऱ्या फेरीला रांगायला लागायची, आणि मग कोणी काही न बोलता सगळं थांबायचं. चढाला लागलेली बैलगाडी असती तर कळलं असतं, ही सपाटीवर थांबायची. तेजल पुन्हा सुरू करायची, पुन्हा तेच. ती दम खाऊन म्हणायची, "थांबले कामून?" आणि आम्ही बाराजण एकमेकांकडे बघायचो, कारण कोणीच थांबवलं नव्हतं.

मग एक दुपार अशी आली की गाडी सुरळीत चालली. एक फेरी, दोन, चार. तेजलचा चेहरा खुलला आणि ती हसली, आणि ती हसली तशी आम्ही सगळे गपकन थांबलो. तेव्हा उलगडा झाला. ती मनातल्या मनात मात्रा मोजताना ओठ हलवत होती, आणि आम्ही बाराच्या बारा जण तिच्या ओठांवर वाजवत होतो. हसताना ओठांची मोजणी थांबली आणि आमचं वाजवणंही. तिने ओढणी तोंडावरून गुंडाळली. आता ती उन्हात ऊस तोडायला निघालेल्या बायांसारखी दिसत होती. "आता बघा माझ्याकडं," ती आतून म्हणाली. आम्ही बघितलं. दोन फेऱ्यांत गाडी पुन्हा थांबली.

त्या दिवशी मी वाजवता वाजवता मान वर करून सगळ्यांना बघितलं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आबांच्या तोंडाकडे बघत होते. पलीकडचे दोघे एकमेकांच्या तोंडाकडे. प्रत्येकजण दुसऱ्याने सुरुवात करायची वाट बघत, त्याच्या मागून अगदी हलकेच येत होता, जसं आयुष्यभर आला होता तसा. बाराच्या बारा साथीदार, आणि पुढे चालणारं कोणीच नाही. मग गाडी थांबणार नाही तर काय! मला हसूही आलं आणि रडूही. तालीम संपल्यावर मी तेजलला म्हटलं, "अगं, आमचं वळणच ते. आमच्या बोटांना पुढं माणूस लागतं."

तिने कागद गुंडाळले. जालन्याला गेली ती बरेच दिवस आली नाही. फोन लावला तर शेठजी म्हणायचे, "वर माळ्यावर बसून काहीतरी लिहून राह्यली." इकडे कारखान्याच्या कामगार कल्याण विभागाचे डोईफोडेसाहेब रोज विचारायला लागले. हंगामाच्या सांगतेला दरवर्षी कार्यक्रम होतो, त्यात बुवांच्या अभंगांआधी त्यांनी आम्हाला वेळ दिली होती, आणि आता त्यांना घोर लागला होता. माणूस सज्जन, कोणाचं वाईट चिंतणार नाही, पण गाण्याशिवाय पेटी म्हणजे त्यांना बिनभाजीचं ताट वाटायचं. "ताई, मधी एखादी गवळण टाकू ना. तुमच्या पेट्या पण होतील आणि लोकांचं पण होईल." आमच्यातल्या काहींनी माना डोलावल्या. मला माहीत होतं, एक गवळण आत आली की आम्ही बाराजण क्षणात तिच्या मागे जाऊन उभे राहणार आणि तिथून परत कधी निघणार नाही. मी म्हटलं, "साहेब, गवळण न्हाई." एवढं ठामपणे मी त्यांना कधी काही म्हटलं नव्हतं. ते बिचकून चहा घ्यायला गेले.

तेजल आली ती थंडी ओसरताना, नवे कागद घेऊन. आल्या आल्या तिने आमची रांग मोडली आणि आम्हाला गोल बसवलं, तोंडं आत, गुडघ्याला गुडघा. "तुम्हाला मागंच जायचंय ना?" ती म्हणाली. "जा. पण माझ्या मागं न्हाई. आपल्या उजव्या हाताच्या माणसाच्या मागं जायचं. त्यानं जे वाजवलं ते तुम्ही, थोडं उशिरा. जेवढा उशीर तुम्हाला आपोआप होतो तेवढाच. मी तो मोजून त्यावरच लिहिलंय."

आणि वाजलं. पहिल्याच खेपेला वाजलं! एक ओळ निघाली ती माझ्या शेजाऱ्याकडे गेली, त्याच्याकडून पुढच्याकडे, स्लॅबच्या दिवशी घमेली हातोहात जातात तशी, कोणाच्या हातात न थांबता. पहिल्याने दुसरी ओळ सुरू केली तेव्हा पहिली अजून गोलाच्या अर्ध्यात होती. ओळीवर ओळ चढत गेली. प्रत्येक पेटीचा सूर केसभर वेगळा, त्यामुळे तीच ओळ पुढे सरकताना रंग बदलत जायची, इकडे सकाळ तर पलीकडे दुपार. आणि मध्ये, जिथे कोणीच बसलं नव्हतं तिथे, बाराही पेट्यांचं मिळून एक तेरावं काहीतरी गात होतं. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. आम्ही शेवटपर्यंत गेलो. संपल्यावर एकाने नुसतं "आयला" म्हटलं आणि कोणी त्याला रागावलं नाही.

अजूनही आम्ही ती वाजवतो. परतूरच्या मोंढ्यात वाजवली, जालन्यात कापडबाजारातल्या एका लग्नात वाजवली, तिथे शेठजींनी सगळ्यांना फेटे बांधले. आता गावोगावचे भजनवाले विचारतात, "आमच्यातले दोघं घ्या ना गोलात." कॉलनीतल्या दोन मुली शिकायला येतात आणि पहिल्याच दिवशी विचारतात, "मावशी, आम्हाला गोलात कधी बसवणार?" पेटीने साथ करायची असते, याची त्यांना कल्पनाच नाही. मी त्यांना साथही शिकवते, कारण तीही विद्या आहे. पण तोंडाकडे बघायला शिकवत नाही. ते मी मुद्दाम गाळलंय.

हे सगळं आज सोपं वाटतं. गोल पहिल्यांदा वाजला त्या दिवशी मात्र आबांचे डोळे पुसून झाल्यावर त्यांनी प्रश्न काढला. "समदे शेजाऱ्याच्या मागं. मंग पयला कोनाच्या मागं?"

"कोणाच्याच न्हाई," तेजल म्हणाली.

तालमीत पहिली ओळ तीच कोणाच्या तरी पेटीवर वाकून वाजवून देत होती. पण सांगतेला ती आमच्यात बसणार नव्हती. रचना लिहिणारीने बाहेर राहायचं, असा तिचा हट्ट. सगळ्यांनी सतरंजीकडे बघितलं. आबांकडे सगळ्यांचा कल होता, पण त्यांनी हात जोडले. "माझ्यानं न्हाई व्हायचं, माय. उभा जन्म मागं चाललो. आता पुढं चालाया गेलो तं पडंन." मग मी म्हटलं, "मी करते." म्हणून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. ओळ सोपी होती, पोरंही वाजवतील. पण मी सुरू केली की तेजल मान हलवायची. "ताई, तुम्ही कोणाची वाट बघून राह्यल्या?" मी कोणाची वाट बघत नव्हते, असं मला वाटायचं. घरी वाजवायची, भाता हलवायची, बोट उचलायची, आणि ते बोट हवेतच एक निमिष कोणासाठी तरी अडायचं. यजमान शिफ्टवरून आले की म्हणायचे, "मी गाऊ का? म्हणजे तुला बरं." त्यांचं गाणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं, त्यामुळे नको म्हटलं. मग मी एक युक्ती काढली. ओळ मनातल्या मनात गायची आणि त्या गाण्यावर बोट ठेवायचं. मस्त जमायला लागलं. मी खुशीत तालमीला गेले, वाजवलं, आणि तेजल म्हणाली, "ताई, तुम्ही मनात गाऊन राह्यल्या."

"मंग? कोणाला ऐकू येतंय?"

"मला. सूर अर्धा श्वास उशिरा येतो. तुम्ही तुमच्याच मागं चालून राह्यल्या."

मला तिचा इतका राग आला की मी पेटीचं झाकण आपटलं. कारण ती खरं बोलत होती. आयुष्यभर गाणाऱ्यांवर चरफडले आणि कोणी गाणारं मिळालं नाही तर पोटात एक बसवून घेतला! माझ्याच्याने हे झालं नाही तर गोल निघणार नव्हता, आणि गोल निघाला नाही तर डोईफोडेसाहेबांची गवळण तयार होती. रात्रंदिवस मला दुसरं काही सुचेना. आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं.

होळी झाली. गाळप संपलं. सांगतेच्या दिवशी दुपारी शेवटची मोळी गेली, भोंगा झाला आणि चाकं थांबली. संध्याकाळी मंदिरापुढच्या पटांगणात माणसं जमली. कामगार, त्यांच्या घरची मंडळी, ऊसवाले शेतकरी, आणि कडेला ऊसतोडीच्या टोळ्यांमधल्या बाया, लेकरं मांडीवर घेऊन. त्यांचं सामान बांधून झालं होतं, उद्या निघायचं होतं. जालन्याहून शेठजी सहकुटुंब आले होते आणि पहिल्या रांगेत बसून सारखं घड्याळ बघत होते. आम्ही गोल बसलो. डोईफोडेसाहेबांनी मध्ये एक माइक उभा केला होता, गाणाऱ्याच्या उंचीचा. "असू द्या," ते कुजबुजले, "ऐन टायमाला लागला तर." मी उठून तो बाहेर नेऊन ठेवला.

रचना नुसत्या भात्यांनी सुरू होते. कोणीही पट्टी दाबत नाही, फक्त बाराही भाते हलतात आणि श्वास येतो जातो. पटांगणात कुजबुज झाली, लोकांना वाटलं पेट्या बिघडल्या. आणि तेव्हा मला जाणवलं की कारखाना बंद आहे. किती महिन्यांनी घुमारा नव्हता. त्याचा टेकूही काढून घेतला होता. माझ्या पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं, पोटात शोधलं तर तिथेही कोणी गात नव्हतं. मला भयंकर भीती वाटली. आणि माझं बोट खाली गेलं. आधी गेलं, मग मला कळलं की ते गेलं. सूर तिथे होता, भर पटांगणात, माझा, कोणाच्याही आधी.

माझ्या शेजारी आबा होते. त्यांनी तो उचलला, पुढच्याने त्यांचा, आणि गोल फिरायला लागला. बराच वेळ लोक वाट बघत राहिले. पेटी वाजतेय म्हणजे आता गाणं सुरू होणार, ही त्यांचीही जन्माची सवय. कोणीतरी मागून ओरडलं, "चालू करा की गाणं!" आम्ही वाजवत राहिलो. ओळी एकमेकींवर चढल्या, लाट उठली, मंदिराच्या भिंतीला जाऊन परत आली, आणि कडेच्या बायांमधली एक आपल्या सोबतिणीला मोठ्याने म्हणाली, "अगं, ह्या पेट्याच गाऊन राह्यल्या की!" त्यानंतर पटांगण असं गप्प झालं की मला भात्यांच्या बिजागऱ्या ऐकू यायला लागल्या. मी मध्ये एकदा तेजलकडे बघितलं. तिने ओढणी तोंडाशी धरली होती, या वेळी लपवायला नाही. शेठजींनी घड्याळाकडे बघणं सोडलं होतं.

शेवटची ओळ आबांपासून निघून पूर्ण फिरून माझ्याकडे परत आली आणि माझ्या पेटीत संपली. मग टाळ्या पडल्या. आमच्यावरच पडल्या, आमच्या मांडीत, आमच्या हातांवर. बघायला गाणारा कोणी नव्हताच, त्यामुळे त्यांना दुसरीकडे जायला वावच नव्हता. मी लाजले नाही. मान ताठ करून सगळ्या टाळ्या मोजून घ्याव्यात तशा घेतल्या. लोक "पुन्यांदा, पुन्यांदा" ओरडत होते.

डोईफोडेसाहेब घाईघाईने माइक घेऊन आले. बुवा तयार होऊन उभे होते, उपरणं नीट केलेलं, मोठा गोड माणूस, गोड गळा. मी त्यांना किती वर्षं साथ केली होती. साहेबांनी जाहीर करून टाकलं, "आता बुवांचे अभंग. पेटीची साथ अर्थातच आपल्या शैलाताई." बुवा माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "बसा ताई, काळी दोनचा सूर धरा."

"आज न्हाई, बुवा," मी म्हटलं.

साहेबांना वाटलं मी दमले. ते शेजारी वळले. "मंग आबा, तुमी बसा."

आबांनी भात्यावर हात ठेवला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "आज न्हाई."

साहेब त्यांच्या पुढच्याकडे वळले, मग त्याच्या पुढच्याकडे, आणि "आज न्हाई" गोलातून पुढे पुढे जात राहिलं, थोडं थोडं उशिरा, एकेकाच्या वेगळ्या सुरात. पटांगण हसायला लागलं. बुवाही हसले. त्यांनी उपरणं सोडून खांद्यावर टाकलं, सतरंजीवर शेठजींच्या शेजारी मांडी घातली आणि हात वर करून म्हणाले, "बराबर आहे. वाजवा!"

ते म्हणायच्या आधीच माझा भाता हलायला लागला होता.